रोजगार हमीपासून खात्यावरच्या हप्त्यापर्यंत

सध्या गावात दोन माणसे भेटली की पहिला प्रश्न पावसाचा असतो आणि दुसरा हप्त्याचा. 'लाडकी बहीण'चे पडले का? पीएम किसानचा हप्ता कधी? केवायसी झाली का? फार्मर आयडी काढला का? तीस वर्षांपूर्वी याच पारावर वेगळी चौकशी चालायची. काम कुठे निघाले, मस्टर कोणाच्या हातात आहे, मिस्तरी माप बरोबर घेतो का, पगार कधी होणार. शासन आणि गावकरी यांच्यातले नाते कसे बदलले, हे समजायला मोठे ग्रंथ वाचायला नकोत. एवढे दोन प्रश्नसंच शेजारी ठेवले तरी पुरे.

याला कल्याणकारी राज्य म्हणतात. शब्द जड आहे, अर्थ सोपा आहे. माणूस म्हातारा झाला, आजारी पडला, बेकार झाला, पीक बुडाले, तर त्याला वाऱ्यावर न सोडणारे राज्य. जर्मनीत बिस्मार्कने १८८० च्या दशकात कामगारांसाठी विमा आणला. इंग्लंडमध्ये ऐन युद्धात, १९४२ साली, बेव्हरिज अहवाल आला आणि जन्मापासून मरणापर्यंत आधाराची कल्पना रुजली. आपल्या घटनेच्या ४१ व्या कलमात तर काम, शिक्षण आणि वार्धक्य, आजारपण, बेकारी अशा प्रसंगी सरकारी मदत, असे तिन्ही शब्द आहेत. मात्र कलमात एक मेखही आहे : 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत'. सगळे भांडण या मेखेवरच चालू आहे.

कामाच्या हक्काची गोष्ट

महाराष्ट्राने या बाबतीत देशाला वाट दाखवली, हे अभिमानाने सांगायला हरकत नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी साठच्या दशकात तासगाव तालुक्यात कामाच्या हमीचा छोटा प्रयोग करून पाहिला. मग १९७२ चा दुष्काळ आला. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. मिलो आणि सुकडीवर दिवस काढलेली पिढी सिन्नर, येवला, नांदगाव, चांदवड भागात अजून आहे. खडी फोडायला, रस्ता करायला, पाझर तलावाची माती ओढायला बायका-माणसे बरोबरीने उतरली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरात सुमारे पन्नास लाख लोक दुष्काळी कामांवर होते.

त्या अनुभवातून रोजगार हमी कायदा झाला. १९७७ साली तो मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्याचे वेगळेपण तीन गोष्टींत होते. एक, काम मागेल त्याला काम. जात, उत्पन्न, दाखला काही नाही. कडक उन्हात माती उपसायला जो तयार आहे तो गरजू, एवढीच परीक्षा. दोन, पंधरा दिवसांत काम दिले नाही तर बेकारी भत्ता. तीन, पैसा कुठून येणार तेही ठरवले. शहरातल्या नोकरदार-व्यावसायिकांवर व्यवसाय कर लागला, बागायतीवर आणि वाहनांवरही भार पडला, आणि जेवढे जमेल तेवढेच सरकारने आपल्या पदरचे घालायचे ठरले. म्हणजे मुंबईच्या पगारदाराच्या खिशातून सुरगाण्याच्या मजुराला मजुरी मिळत होती, आणि त्या मजुरीतून गावात तलाव, बांध, रस्ता उभा राहत होता.

योजनेत दोष नव्हते असे नाही. खोटी मस्टर होती, मयत माणसे कामावर हजर असायची, खडीचे ढीग वर्षानुवर्षे रस्त्याकडेला पडून राहायचे. जमा झालेला निधी पुरता खर्च होत नाही, अशी टीकाही त्या काळी होत असे. पण १९९० पासून याच योजनेतून फळबाग लागवड सुरू झाली. शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानात झाड, आणि खड्ड्याची मजुरी सरकारची. कसमादे पट्ट्यातल्या डाळिंबाला, पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातल्या आंब्याला अशा योजनेचा हात लागला. मजुराला काम आणि शेतकऱ्याला मालमत्ता, हे दोन्ही एका मस्टरवर जमले.

दिल्लीने २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला, त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता. फेब्रुवारी २००६ मध्ये निवडक जिल्ह्यांत आणि एप्रिल २००८ पासून देशभर तो लागू झाला. कुटुंबाला वर्षाला शंभर दिवस, आणि अकुशल मजुरीचा पूर्ण खर्च केंद्राचा. शंभर दिवसांनंतरचा भार महाराष्ट्राने आपल्या कायद्याखाली स्वतःकडे ठेवला.

मजुराचा लाभार्थी झाला

गेल्या दहा वर्षांत वारे फिरले. आधार, बँक खाते आणि मोबाइल ही तीन हत्यारे सरकारच्या हाती आली. मधल्या माणसाला वगळून थेट खात्यात पैसे टाकता येऊ लागले. फेब्रुवारी २०१९ मध्ये पीएम किसान सुरू झाली, वर्षाला सहा हजार. २०२३ मध्ये राज्याने नमो शेतकरी महासन्मान निधीचे आणखी सहा हजार जोडले. त्याच वर्षी एक रुपयात पीकविमा आला. २८ जून २०२४ रोजी तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार यांनी अर्थसंकल्पात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना जाहीर केली. २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातील महिलेला महिना दीड हजार. ऑगस्टमध्ये रक्षाबंधनाच्या तोंडावर पैसे पडलेसुद्धा. सरकारी कागद इतक्या वेगाने हललेला महाराष्ट्राने क्वचितच पाहिला असेल.

या पैशाला नावे ठेवणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. घरातल्या बाईच्या नावावर, तिच्या स्वतःच्या खात्यात दर महिन्याला रक्कम येणे ही खेड्यात लहान गोष्ट नाही. पोराची वही, सासूचे औषध, बचत गटाचा हप्ता, यासाठी कोणापुढे हात पसरावा लागत नाही. मधला दलाल, 'वर द्यावे लागतात' म्हणणारा माणूस, इथे नाही. ब्राझीलनेही २००३ पासून गरीब कुटुंबांना रोख मदत दिली. फरक एवढाच की तिथे मुलांची शाळेतली हजेरी आणि लसीकरण यांच्याशी ती मदत बांधली होती. आपल्याकडे ती कशाशीच बांधलेली नाही. फार तर निवडणुकीशी.

खरा बदल शब्दात आहे. मस्टरवर नाव असलेला माणूस 'मजूर' होता. त्याने काम मागितले, सरकारला द्यावे लागले, नाही दिले तर भत्ता. तो हक्कदार होता. खात्यावर हप्ता येणारा माणूस 'लाभार्थी' आहे. हप्ता थांबला तर तो कोणत्या कायद्याचे बोट धरणार? लाडकी बहीण ही शासन निर्णयावर चाललेली योजना आहे. शासन निर्णय एका सहीने निघतो आणि दुसऱ्या सहीने बदलतो.

बदलतोच. एक रुपयाच्या पीकविम्याचे काय झाले ते बघा. बोगस अर्जांचा सुळसुळाट झाला, दुसऱ्याच्या रानावर, पडीक जमिनीवर विमे निघाले. मे २०२५ मध्ये शासनाने योजना बदलली. २०२५ च्या खरिपापासून शेतकऱ्याने पुन्हा खरिपाला दोन टक्के, रब्बीला दीड टक्के आणि नगदी पिकांना पाच टक्के हप्ता भरायचा, आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर ठरायची. स्थानिक आपत्ती, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती हे भरपाईचे निकष गळाले. चोरी केली कोणी, आणि शिक्षा झाली कोणाला? त्याच सप्टेंबरात अतिवृष्टीने राज्यभर पिके वाहून गेली आणि ऑक्टोबरमध्ये शासनाला ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर करावे लागले. विम्याचा हक्क कमी झाला आणि मदतीची घोषणा वाढली. आपल्या विषयाचे सार याच वाक्यात आहे.

हिशेब मांडून पाहू

आता थोडा आकड्यांचा हिशेब. पुढे येणारे आकडे शाळेतल्या पोरालाही करता येतील असेच आहेत.

लाडक्या बहिणीचे महिना दीड हजार म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. वर्षाचे अठरा हजार. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. शंभर दिवस काम मिळाले तर ३१,२०० रुपये, आणि वर तलाव, विहीर, रस्ता गावाला मिळतो तो वेगळाच. 'दीड हजार मिळायला लागल्यापासून मजूर बाया कामावर येत नाहीत', असे बागायती गावांत सर्रास ऐकू येते. दिवसाला पन्नास रुपये म्हणजे हमीच्या मजुरीचा सहावा हिस्साही नाही. तेवढ्यावर कोणी घरी बसत नाही. बाई येत नसेल तर कारण दुसरे शोधावे लागेल. जवळ दुसरे चांगले काम असेल, येण्या-जाण्याची गाडी नसेल, किंवा मजुरी परवडत नसेल.

दुसरा हिशेब शेतकऱ्याचा. पीएम किसान आणि नमो मिळून वर्षाला बारा हजार. लासलगाव, पिंपळगाव, विंचूर, कुठेही कांद्याचा भाव क्विंटलला पाचशे रुपयांनी पडला, तर अवघ्या चोवीस क्विंटलमध्ये ते बारा हजार गेले. चोवीस क्विंटल म्हणजे एक ट्रॅक्टर-ट्रॉली म्हणा. आता २०२३ आठवा. १९ ऑगस्टला निर्यातीवर ४० टक्के शुल्क, ऑक्टोबर अखेर टनाला ८०० डॉलरचे किमान निर्यात मूल्य, आणि डिसेंबरात थेट निर्यातबंदी. बंदी उठली ४ मे २०२४ रोजी, तीही ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबर २०२४ मध्ये ते २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून पूर्ण गेले. शहरातल्या ग्राहकाला कांदा स्वस्त मिळावा, हेही सरकारचे एक प्रकारचे कल्याणकारी कामच. पण त्याचे बिल निफाड, चांदवड, येवल्याच्या शेतकऱ्याने भरले. एका हाताने सन्मान निधी आणि दुसऱ्या हाताने भाव. शेतकऱ्याने कोणता हात धरावा?

२०२३ मध्येच फेब्रुवारी-मार्चला विकलेल्या कांद्यासाठी क्विंटलला ३५० रुपये अनुदान मिळाले, कमाल २०० क्विंटलपर्यंत. तेही सहज मिळाले नाही. सात-बारावर कांद्याची नोंद हवी आणि ती ई-पीक पाहणीत झालेली हवी, या अटीने किती जणांना तलाठी कार्यालयाच्या पायऱ्या चढायला लावल्या, ते सांगायला नको. पीक रानात उभे होते, ट्रॉली बाजार समितीत गेली, पट्टी हातात होती, पण मोबाइलमध्ये कांदा नव्हता!

तिसरा हिशेब तिजोरीचा. लाडक्या बहिणीसाठी पहिल्या वर्षी ४६ हजार कोटी लागतील असे सांगितले गेले; २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३६ हजार कोटी धरले. त्याच अर्थसंकल्पात महसुली तूट ४५ हजार कोटींच्या वर होती आणि राज्यावरचा कर्जाचा बोजा नऊ लाख कोटींच्या पलीकडे जाणार असल्याचे दिसत होते. मग कात्री कुठे लागते? मे २०२५ मध्ये या योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे सुमारे ३३५ कोटी वळवले गेले. सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनीच जाहीरपणे नाराजी बोलून दाखवली. पेठ तालुक्यातल्या आईच्या खात्यात दीड हजार आले, पण तिची पोर ज्या वसतिगृहात शिकते त्या खात्याचा निधी घटला, तर त्या घराला नक्की मिळाले काय?

अटींचे जाळे

पैसा कमी पडू लागला की योजना सरळ बंद होत नाही. बंद करायला कोणत्याच सरकारची छाती होत नाही. मग अटी येतात. दिवाळीचा 'आनंदाचा शिधा' २०२२ ला मोठ्या गाजावाजात आला. २०२५ च्या दिवाळीत तो आलाच नाही आणि कोणी फारसे विचारलेही नाही. लाडक्या बहिणीत आधी झटपट अर्ज घेतले, निवडणूक झाली, मग पडताळणी सुरू झाली. पुरुषांच्या नावाने पैसे गेल्याचे उघड झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली आणि मुदत डिसेंबर अखेरपर्यंत वाढवावी लागली. नमो शेतकरीचे पैसे घेणाऱ्या महिलेला तर दीड हजारांऐवजी पाचशेच.

अपात्राला वगळलेच पाहिजे, यात दुमत नाही. सवाल आहे तो पात्र माणूस वगळला जाण्याचा. पती नाही, वडील नाहीत, मग कोणाचा आधार जोडायचा? डोंगरात रेंज नाही, ओटीपी येत नाही. राबून राबून बोटांचे ठसे पुसले गेले. रोजगार हमीतही जानेवारी २०२३ पासून मोबाइलवर फोटो काढून हजेरी आणि जानेवारी २०२४ पासून आधारशी जोडलेल्या खात्यावरच मजुरी, हे सक्तीचे झाले. दिवसभर माती उपसली, पण फोटो चढला नाही तर दिवस बुडाला. पूर्वी मुकादम मजुरी खायचा, त्याच्याशी निदान भांडता तरी येत होते. यंत्राशी कसे भांडणार?

यात गावपातळीच्या कर्मचाऱ्याचाही बळी जातो, हेही लिहिले पाहिजे. ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी झाला, तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी. पाट्या बदलल्या, टेबलावरचा गठ्ठा वाढला. अंगणवाडी सेविकेने पोषण आहार बघायचा की अर्ज भरायचे? निर्णय मुंबईत होतो, नाकारण्याचे कारण संगणक देतो, आणि शिव्या खातात भाऊसाहेब. ज्याच्या हातात काही नाही त्याच्याच दारात गर्दी, अशी ही नवी व्यवस्था आहे.

पैसा पोहोचला, पण रस्ता?

नाशिक जिल्हा दोन तोंडांचा आहे. एकीकडे द्राक्ष, कांदा, डाळिंब, वायनरी, धरणे आणि कालवे. दुसरीकडे सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीचा डोंगर. पाऊस धो धो पडतो आणि एप्रिलला बाया हंडा घेऊन दऱ्या उतरतात. डिसेंबर २०२२ मध्ये सुरगाणा तालुक्याच्या सीमेवरील काही गावांनी आम्हाला गुजरातला जोडा अशी मागणी केली. कशासाठी? हप्ता कमी पडतो म्हणून नव्हे. रस्ता नाही, पाणी नाही, दवाखान्यात डॉक्टर नाही, आणि नदीपलीकडच्या गावात हे सगळे दिसते, म्हणून.

कल्याणकारी राज्याची ही दुसरी बाजू मागे पडत चालली आहे. आरोग्याचे घ्या. २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी योजना आली, पुढे तिचे महात्मा फुले जन आरोग्य योजना असे नाव झाले आणि विम्याचे कवच पाच लाखांपर्यंत गेले. मोठ्या शस्त्रक्रियेला त्याचा खरोखर उपयोग होतो. पण रात्री दोन वाजता सर्पदंश झाला तर पाच लाखांचे कार्ड विष उतरवत नाही. तिथे प्राथमिक आरोग्य केंद्रात लस आणि डॉक्टर लागतो. खात्यात टाकलेला पैसा बाजारातून वस्तू आणू शकतो. जिथे बाजारच नाही, तिथे शासनालाच दवाखाना, शाळा, पाण्याची टाकी उभी करावी लागते.

नाशिकच्या मातीने मागणीही तशीच केली आहे. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, ते जमिनीसाठी. ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून निघालेला किसान सभेचा मोर्चा १२ मार्चला मुंबईत आझाद मैदानावर पोहोचला, तेव्हा रक्ताळलेल्या पायांची मोठी मागणी होती २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे कसत्या जमिनीचा सात-बारा नावावर करण्याची. मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून पुन्हा लोक निघाले, तेव्हाही वनजमीन होती आणि सोबत कांद्याचा भाव होता. जमीन, भाव, पाणी, काम. माणसाला पायावर उभे करणाऱ्या गोष्टी लोक मागत आले. हप्ता कोणी मागितला नव्हता, तो दिला गेला.

हमीचा नवा कायदा आणि साठ दिवसांचा पेच

हा सगळा विचार आज तातडीचा झाला आहे, कारण रोजगार हमीचा पायाच बदलतो आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'विकसित भारत–जी राम जी' या नावाने ओळखला जाणारा नवा कायदा मंजूर केला आणि २००५ च्या कायद्याची जागा त्याला दिली. दिवस शंभराचे सव्वाशे झाले, हे ऐकायला गोड आहे. पण तीन गोष्टी गावाने नीट समजून घ्याव्यात.

पहिली, खर्चाची वाटणी. आधी अकुशल मजुरी पूर्ण केंद्राची होती. आता महाराष्ट्रासारख्या राज्याला चाळीस टक्के भार उचलायचा आहे. दुसरी, राज्याला ठरावीक नियतव्यय मिळणार. त्यावर खर्च झाला तर तो राज्याच्या माथी. हमी म्हणजे मागणी येईल तेवढे काम. निधीला कुंपण घातले की मागणीलाही कुंपण पडते. ज्या तिजोरीला लाडक्या बहिणीचा हप्ता वेळेवर देताना घाम फुटतो, ती हमीचे चाळीस टक्के वेळेवर देईल का, ही शंका रास्त आहे. हप्ता चुकला की मतदार ओरडतो. डोंगरातले काम निघाले नाही तर मजूर मुकाट्याने गाव सोडतो. कात्री कोणावर आधी चालेल ते सांगायला ज्योतिषी नको.

तिसरी गोष्ट आपल्या जिल्ह्याला सर्वांत जास्त लागू आहे. पेरणी आणि काढणीच्या ऐन हंगामात वर्षातून साठ दिवसांपर्यंत ही कामे बंद ठेवण्याची तरतूद नव्या कायद्यात आहे. शेतीला मजूर मिळावा हा हेतू. निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागाईतदाराची अडचण खोटी नाही. ऑक्टोबरची छाटणी, मग डिपिंग, विरळणी आणि फेब्रुवारी-मार्चची काढणी, यातले एकही काम आठ दिवस थांबत नाही. कांद्याची लागण डिसेंबर-जानेवारीत, काढणी मार्च-एप्रिलला. माणूस नसेल तर माल रानातच जातो.

पण हा मजूर येतो कोठून? पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, हरसूल भागातून. त्याचा स्वतःचा हंगाम जुलैची भातलावणी आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरची भात-नागलीची सोंगणी. त्यानंतर मेअखेरपर्यंत घरी काम नाही. म्हणजे सखल भागाचा काढणीचा हंगाम तोच डोंगराचा बेकारीचा हंगाम. साठ दिवसांची बंदी जिल्हाभर सरसकट फेब्रुवारी-मार्चला घातली, तर डोंगरातल्या बाईपुढे एकच वाट उरते : पोरे पाठीवर घेऊन टोळीबरोबर खाली उतरायचे, मिळेल त्या मजुरीवर. पोरांची शाळा तिथेच सुटते. धडधाकट माणूस खाली येईलही. पण तान्ह्या बाळाची आई, म्हातारी, अपंग माणूस बागेत येऊ शकत नाही, त्यांना गावातलेच काम हवे. त्यांची कामे बंद ठेवून बागाईतदाराला एकही मजूर जास्त मिळणार नाही.

वेगवेगळ्या भागांसाठी वेगवेगळा काळ जाहीर करण्याची मुभा कायद्यात आहे. तिचा उपयोग करून घेणे हे आता जिल्ह्याचे काम आहे. डोंगरी तालुक्यांत कामबंदी भातलावणी आणि सोंगणीच्या काळातच असावी. डिसेंबर ते मे या काळात तिथे कामे चालूच राहिली पाहिजेत. बागायती तालुक्यांनी आपल्या पिकाप्रमाणे काळ मागावा. यात शेतकरी विरुद्ध मजूर असे भांडण लावायचे कारण नाही. अनेक मजूर स्वतः दोन-चार एकराचे शेतकरी आहेत, आणि लहान शेतकऱ्याच्या घरातले माणूसही दुसऱ्याच्या रानात जातेच.

गावाने काय करावे

मुंबई-दिल्लीचे धोरण पारावर बसून बदलत नाही, हे खरे. पण कायद्याने गावाच्या हाती जे दिले आहे ते तरी सोडू नये.

कामाची मागणी तोंडी करू नये. अर्ज लेखी द्यावा आणि तारखेची पोच घ्यावी. पोच नसेल तर मागणीच नव्हती, असे कागद सांगतो. आणि मागणी नाही म्हणून निधी नाही, असे पुढे आकडे सांगतात. येत्या ग्रामसभेत हंगामाचा ठराव करावा : आमच्या गावात मजुराला काम कोणत्या महिन्यांत लागते आणि शेतीला मजूर कोणत्या महिन्यांत लागतो. तो ठराव पंचायत समिती आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा. आराखड्यात आधी पाण्याची कामे घ्यावीत : गाळ काढणे, बांध, विहीर, फळबाग. सिमेंटचा रस्ता दिसतो चांगला, पण त्यात मजुरी ठेकेदाराच्या यंत्राला जाते.

हप्ता थांबलेल्यांची यादी ग्रामपंचायतीने फलकावर लावावी, कारणासह. कोणाचे आधार जुळत नाही, कोणाची केवायसी राहिली, कोण खरोखर अपात्र आहे, हे गावाला माहीत असते. संजय गांधी निराधार योजनेसारखी १९८० पासूनची जुनी योजना आजही खऱ्या गरजूंची आहे; तिच्यातल्या एकट्या म्हाताऱ्यांची चौकशी आधी व्हावी. दाखल्यासाठी २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, त्यात प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत आणि अपील आहे. माहितीचा अधिकार आहे. अधिकाऱ्यांनीही अर्ज नाकारताना कारण लेखी द्यावे. 'सिस्टीम घेत नाही' हे कारण नव्हे.

आणि मत मागायला येणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारावा. किती देणार, हे तो न विचारताच सांगेल. विचारायचे ते असे : हे कोणत्या कायद्याने देणार, कोणत्या पैशातून देणार, आणि त्यासाठी कोणाचे काढणार? १९७७ सालच्या महाराष्ट्राने रोजगार हमीच्या बाबतीत या तिन्ही प्रश्नांची उत्तरे दिली होती. आजचा महाराष्ट्र तेव्हापेक्षा कितीतरी श्रीमंत आहे. त्याला उत्तर देता येत नसेल, तर अडचण पैशाची आहे असे कसे म्हणायचे?